काटा पोटात ठेवणारं गांडूळ

मी गांडूळ बोलतोय. हसू नका. एखाद्याला भित्रा, बिनकण्याचा म्हणायचं असलं की तुम्ही माझ्या जातीचं नाव घेता, हे मला ठाऊक आहे. त्यात मी प्लास्टिकचा, म्हणजे गांडुळांतही माझी गणती नाही. असू दे. अर्धाच उरलोय, दोन ठिकाणी डागून जोडलंय मला, तरी बोलणार आहे.

माझा जन्म साच्यातला. गरम जांभळा रस ओतला, तो निवला, आणि आम्ही दहा भावंडं एका पिशवीत पडलो. पिशवीवर गोड्या पाण्यातल्या बास नावाच्या माशाचं चित्र होतं. त्याच्यासाठी आम्हाला घडवलं आणि विमानातून उतरवलं कुठे, तर बहरीनला! इथे ना नदी ना तळं, चहूकडे खारा समुद्र. मनाम्यातल्या एका दुकानात दोन वर्षं आम्ही खिळ्याला लटकत होतो. येणारा जाणारा चित्र बघायचा आणि ‘मफी फायदा’, काही उपयोग नाही, म्हणून पुढे सरकायचा.

मग शंभू आला. मूळचा मालवणकडचा, इथे हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये एसी मेकॅनिक. त्यानं मला घेतलं ते श्रावणामुळे. त्याच्या खोलीत साताऱ्याचा प्रशांत राहायचा. स्वयंपाक प्रशांतकडे, म्हणून फ्रिजवर राज्यही त्याचंच. गळाला लावायला शंभूनं आणलेली कोळंबीची पुडी त्यानं सरळ दाराबाहेर ठेवली होती.

“श्रावण हाय, शंभूदा. म्हैनाभर फ्रिजात कोळंबी न्हाय चालायची.”

दुसऱ्या दिवशी शंभूनं मला त्याच्या नाकासमोर नाचवलं. “ह्या बघ. शाकाहारी आसा.”

“आन् मासा घावला तर?”

“सोडतलंय. श्रावणात खावचो नाय, पण धरूक कोण अडवता?”

आमिष म्हणजे फ्रिजमध्येच, या हिशेबानं प्रशांतनं मला कोथिंबिरीशेजारी ठेवून दिलं. सकाळी मी लाकडासारखा ताठ! प्लास्टिकला गारवा सोसत नाही, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार? शंभूनं मला बाहेर काढलं आणि मुठीत धरायला गेला, तेव्हा कळलं की ताठ मी एकटाच नव्हतो. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं वळतच नव्हती.

दोन महिन्यांपूर्वी वर्कशॉपमध्ये त्या हातावर कॉम्प्रेसर पडला होता. प्लास्टर निघालं, पण बोटं रुसून बसली. दवाखान्यातून दाबायला रबरी चेंडू मिळाला होता. फोरमन उस्मान मनानं वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, महिनाअखेर हात बघणार. बारीक स्क्रू धरता आला तर काम चालू, नाहीतर व्हिसा कॅन्सल आणि घरचं तिकीट. शंभूला घर आवडत नव्हतं असं नाही. पण निकामी म्हणून घरी जायचं नव्हतं.

“बॉल दाबून स्क्रू कसो धरूक येतलो?” असं म्हणून त्यानं चेंडू खाटेखाली ढकलला आणि मला हातात घेतलं.

आता माझी करामत ऐका. बुसैतीनच्या किनाऱ्याला पाण्याखाली गवतच गवत. उघडा काटा टाकलात तर मासा राहतो बाजूला, वर येते गवताची पेंढी. म्हणून गरी, म्हणजे गळाचा काटा, माझ्या डोक्यातून घालायची, जरा खाली बाहेर काढायची, फिरवायची आणि तिचं टोक परत माझ्या पोटात लपवायचं. गवताला काटा दिसत नाही, माशालाही नाही. मासा चावला की माझं मऊ अंग दबतं आणि टोक बाहेर येतं. हे ओवायला नेमका अंगठा आणि दोन बोटं लागतात. त्याची रुसलेली नेमकी तीच!

पहिल्या दिवशी त्यानं मला सतरा वेळा टोचलं, स्वतःला चार वेळा. डावा हात त्यानं मुद्दाम खिशात घातला होता. मी वाकडा ओवला गेलो की पाण्यात भोवऱ्यासारखा फिरायचो, आणि तो पुन्हा काढून पुन्हा ओवायचा. मला दुखत नव्हतं का? दुखत होतं. पण चिडावं असं त्याच्याकडे बघून वाटेना.

माझं डोकं फाटलं. त्यानं तेवढं कापून मला खालून ओवलं आणि कापलेला तुकडा पाण्यात न टाकता खिशात ठेवला. पोट चिरलं, तर लायटरनं डागून चिकटवलं. तेही उसवलं, तेव्हा मला कमरेतून आडवं ओवलं आणि काट्यापुढे एसीच्या वायरीतली तांब्याची तार वाकवून लावली, म्हणजे गवत अडकणार नाही. पिशवीत माझी नऊ भावंडं नवी कोरी होती, पण त्यानं मलाच धरून ठेवलं होतं.

“फेक की त्ये,” प्रशांत एकदा म्हणाला. “खलास झालंय.”

“खलास म्हणू नको,” शंभू एवढ्या जोरात ओरडला की प्रशांतच्या हातातला झारा खाली पडला. “ह्याका नको आणि माकाही नको.”

त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

तपासणीआधीच्या शुक्रवारी, उजाडता उजाडता, त्यानं माझं पोट पुन्हा डागलं आणि मला पहिल्यासारखं ओवलं, काटा पोटात ठेवून. प्रशांत सोबत आला होता. गवताच्या कडेला मी तळाशी सरपटलो आणि हामूर नावाच्या इथल्या एका माशानं मला गिळलं. अंग दबलं, काटा बाहेर आला, रुतला. हामूर गवतात घुसला. शंभूनं दोरी उजव्या हातावर घेतली. शेवटपर्यंत त्यानं हात बदलला नाही. ताटभर मोठा मासा किनाऱ्याला लागला.

प्रशांतची नजर माशावरून हटेना. “शंभूदा, श्रावण संपायला पाचच दिस उरल्यात.”

“शबूद दिलो हा.” त्यानं त्याच तीन बोटांनी हामुराच्या जबड्यातून काटा सोडवला आणि मासा पाण्यात लोटला.

रविवारी शंभूनं मोबाइलवर दाखवलेला हामुराचा फोटो उस्माननं बाजूला सारला. “मछली नहीं, हाथ दिखाओ.”

शंभूनं मला खिशातून काढलं, गरी काढली आणि त्याच्या समोर ओवलं. उस्माननं माझ्या अंगावरून बोट फिरवलं. “काँटा किधर गया?”

“पेट में है, उस्मानभाई. दबाके देखो.”

त्यानं दाबलं आणि “या अल्ला!” करत बोट झटकलं. पण नियम म्हणजे नियम. त्यानं बारीक स्क्रू आणि भोक पाडलेला पत्रा पुढे केला. शंभूच्या हाताला घाम आला होता. स्क्रू निसटला, फरशीवर घरंगळत टेबलाखाली गेला. मला वाटलं, झालं, संपलं.

शंभू खाली वाकला. डावा हात पाठीमागे ठेवून त्यानं गुळगुळीत फरशीवरून तो स्क्रू दोन बोटांत उचलला आणि भोकात बसवला.

उस्मान बघत राहिला. “ज़मीन से उठाया?” तो म्हणाला. मग त्यानं टेबलावरचा व्हिसा कॅन्सलचा कागद फाडला. “यल्ला, काम पे लग.”

श्रावण संपलाय. प्रशांतनं स्वतःच्या हातानं फ्रिजमध्ये कोळंबी आणून ठेवलीय. आता तो म्हणतो, गांडुळाला आठवण म्हणून खिळ्यावर टांगूया. शंभूदा, एवढं ऐक. मी दोन वर्षं खिळ्यावर काढलीत, तिथे मला पुन्हा नेऊ नकोस. येत्या शुक्रवारी पाण्यात ने. दीड बोट उरलोय, पण एक काटा लपवायला तेवढं पोट पुरतं.