दोघी उरल्या तरी चालतं

मी बाक बोलतोय. वर्गातला नव्हे, मैदानाच्या कडेचा. आमच्या कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ खेळतो तेव्हा ज्या खेळत नसतात, त्या माझ्यावर बसतात.

माझा जन्म रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला. तिथलं एक लांबलचक टेबल मोडीत निघालं आणि सुताराने त्यातून मला घडवलं. ॲसिडचे डाग तसेच राहिले. ते पाहून सुतार म्हणाला, "बसल्यावर कुठे दिसणार आहेत?" ते खरंच होतं.

मला मैदानावर आणून ठेवलं ते खेळ शिकवणाऱ्या बाईंनी. संघ त्यांनीच उभा केला होता. त्या माझ्या डाव्या टोकाला बसत. मैदानातून बाहेर काढलेली मुलगी आधी त्यांच्या शेजारी यायची. बाई काही न बोलता पाण्याची बाटली पुढे करत. ती पाणी पिऊन होईपर्यंत शांतता, आणि मग जी काही बोलणी बसत, ती मलासुद्धा लागत. 'आधी पाणी, मग बोलणी' असं मुली म्हणायच्या. पुढची बाहेर आली की आधीची सरकायची. सरकून सरकून माझी पाठ गुळगुळीत झाली.

ते दिवस भरभराटीचे होते. कपाटात चषक मावेनात. एक तर शिपाईमामांनी पेनं ठेवायला नेला.

त्या काळात एक बुटकी मुलगी होती, तिचं नाव पडलं होतं मुक्कामी. माझ्यावर तिचा इतका मुक्काम असे की सामना संपल्यावर मुली विचारत, "काय गं, चादर आणू का?" ती म्हणायची, "आण, उशीही आण." हसायची, पण डोळे खेळावर असायचे. कोण थकलीय, कुणाचा तोल जातोय, हे ती बाईंच्या कानात सांगायची आणि बाई ऐकायच्या.

एका सुट्टीत बाई गेल्या. कॉलेज उघडलं, मुली आल्या, माझ्यावर बसल्या. डावं टोक रिकामंच राहिलं. "सरका ना," कुणीतरी म्हणालं. कुणी सरकलं नाही.

पुढे संघ विस्कटला. मला उचलून प्राचार्यांच्या खोलीबाहेर ठेवलं. तिथेही माणसं बसत, पण आत बोलावतील या धास्तीने. खेळायला बोलावतील म्हणून बसणं वेगळं.

बऱ्याच वर्षांनी एक मॅडम भूगोल शिकवायला आल्या. पहिल्याच दिवशी त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि सरळ डाव्या टोकाला बसल्या. "जागा रिकामी अडवून ठेवली तर बाई रागावतील," असं हळूच म्हणाल्या. मी वजनावरून ओळखलं. मुक्कामी.

तिला संघ पुन्हा उभा करायचा होता. प्राचार्यांना मैदानावर गाड्या लावायच्या होत्या. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"मॅडम, पाच मुली तरी आहेत का?"

"होतील सर."

"ठीक. एक सामना खेळा. तो शेवटपर्यंत पुरा झाला तर मैदान तुमचं. मधेच बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या."

मुक्कामीला चारच मिळाल्या. पाचवी माझ्यावरच बसलेली होती. रोज उशिरा येणारी, म्हणून बोलणी खायला थांबलेली, उंच, हडकुळी. शिपाईमामा तिला विचारत होते, "घर परगावी आहे का तुझं?"

"मागच्याच गल्लीत."

"मग रोज उशीर?"

"जवळ आहे म्हणूनच होतो, मामा."

मुक्कामीने तिला उभं राहायला सांगितलं. मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं. "बास्केटबॉलला कधी हात लावलायस?"

"भावाने मारलेला डोक्यात लागलाय एकदा."

"चालेल."

सामन्याच्या दिवशी मला खाली नेलं. समोरच्या संघाचा बाक गच्च भरलेला, माझ्यावर फक्त मुक्कामी. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून प्राचार्यही माझ्यावर येऊन टेकले. इस्त्री मोडू नये म्हणून अगदी कडेवर.

आमच्या मुली नवख्या. चेंडू अडवायला जायच्या आणि समोरचीचा हातच धरायच्या. शिट्टीवर शिट्टी. पाच चुका झाल्या की ती खेळाडू कायमची बाहेर. पहिली आली, पाणी प्यायली, रडली. मग दुसरी. इतक्या वर्षांनी माझ्यावर मुली बसत होत्या, आणि प्रत्येकीगणिक माझा जीव खालीवर होत होता. तिसरीही आली.

"आता हो?" प्राचार्यांनी विचारलं.

"दोघी उरल्या तरी चालतं, सर. एकटीच उरली की सामना बंद."

मैदानात दोघीच उरल्या, ती रोज उशिरा येणारी आणि तिची मैत्रीण. उशिरा येणारीच्या चार चुका झालेल्या. समोरून पाच जणी चाल करून येत होत्या. ती हात वर करून नुसती खांबासारखी उभी राहायची आणि गोल होऊ द्यायची. मग चेंडू घेऊन मैत्रिणीकडे टाकायची. पुन्हा तेच. हरणं तर केव्हाच ठरलं होतं. तग धरायचा होता.

आणि मग माझ्यावरचं एक वजन एकदम उठलं. "हात लावू नकोस तिला! जाऊ दे, बाळ, जाऊ दे तिला!" प्राचार्य ओरडत होते.

पंच आले. "या बाकावर फक्त संघाचीच माणसं बसतात. आपण कोण?"

प्राचार्यांनी तोंड उघडलं. ते बोलायच्या आत मुक्कामी म्हणाली, "मॅनेजर आहेत आमचे."

प्राचार्य नाही म्हणाले नाहीत. खाली बसले, या वेळी पूर्ण टेकून.

शेवटचा भोंगा वाजला तेव्हा त्या दोघी मैदानावर उभ्या होत्या. किती गुणांनी हरलो ते सांगत नाही. फलक लावणाऱ्यालाही पुढे पुढे लाज वाटत होती. पण माझ्यावरच्या तिघी धावत मैदानात गेल्या आणि मी रिकामा झालो. इतका सुखाने रिकामा मी कधी झालो नव्हतो.

"गाड्यांचं मागच्या बाजूला बघू," प्राचार्य उठताना म्हणाले. "आणि मॅडम, त्या उंच मुलीला सकाळी कुणी उठवत नाही का घरी?"

आता संघात इतक्या मुली आहेत की दोघी-तिघींना उभंच राहावं लागतं. मॅनेजर साहेबांनाही जागा मिळत नाही. म्हणून माझ्या शेजारी नवा बाक येणार असं ऐकतो. येऊ दे. आयुष्यभर एकटा होतो, बोलायला कुणीतरी होईल.

तुम्ही कधी आलात तर माझ्यावर खुशाल बसा; फक्त सामना चालू असला तर आधी मुक्कामीला विचारा, नाहीतर ती तुम्हालाही कामाला लावेल. नव्या बाकाला मात्र मी एवढंच सांगणार आहे, की बाबा, बसणारीला जीव लावायचा, आणि ती उठून खेळायला गेली की तिला अडवायचं नाही. तिची ऊब फळीवर थोडा वेळ राहते. तेवढी आपली.