कुंकवाचं मेण आणि सुभद्राची सुरी

सुभद्रा माझी धाकटी सून, कामठीची. लग्नात तिच्या आईनं, म्हणजे आमच्या विहीणबाई जिजाबाईंनी, तिला स्टीलची सुरी दिली. पातं असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. वर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेलं, सुभद्रा. तेव्हा महाल भागातल्या आमच्या गल्लीत स्टीलची सुरी दुसरीकडे नव्हतीच. सून तिला दागिन्यासारखी जपायची.

पण चार महिन्यांत धार गेली. टमाटर चिरायला घ्यावं तर त्याचं पाणीच व्हायचं. सायकलवाल्या धारवाल्यानं शेजारच्या प्रयागबाईचा चाकू खरवडून पांढरा केलेला, म्हणून सुभद्रा सुरी कोणाच्या हाती देईना. आणि त्या रविवारी विहीणबाई जेवायला येणार!

"दे इकडे, मी लावून देईन धार," मी म्हटलं.

"आत्याबाई, नाव घासून जाईन!"

"माह्या जिभेले कोन धार लावते? मीच ना? दे."

बोलून गेले खरी. आधी एक जुनी स्टीलची ताटली धार लावायच्या कुरुंदाच्या दगडावर घासून पाहिली, तर मांजरीनं बोचकारल्यासारखे ओरखडे! दगडाची रेती पाण्यात सुटते आणि पात्यावर फिरते. म्हणजे धार तेवढी उघडी ठेवायची, बाकी पातं झाकायचं. पण पाण्यातही चिकटून राहील असं काय लावायचं? विचार करताना कपाळाचा घाम पुसला. कुंकू जागचं हललं नाही. खाली मेण लावलेलं होतं ना!

कुंकवाच्या डबीतलं सगळं मेण काढलं, चुलीपाशी मऊ केलं, पात्याच्या दोन्ही अंगांना फासलं. त्यावर जुन्या धोतराच्या पट्ट्या दाबल्या. ज्वारीच्या दाण्याएवढी धार बाहेर ठेवली. मेणात कुंकू होतं, पट्ट्या लाल झाल्या.

मी अंगणात घासत बसले, तोच विहीणबाई हजर. लवकरची बस मिळालेली.

"अवं बाई! सुरीले लागलं काय? पट्टी रक्तानं भरली!"

"नवरी आहे ते. तोंड झाकून बसली. बसा तुम्ही."

"माह्या पोरीचं नाव गेलं त पाहा हो."

"गेलं त माहं टाकून देईन."

जीभ चालली, पण हात मी हळू केला. एक पट्टी सुटली, थांबून परत चिकटवली. शेवटी पट्ट्या ओढल्या, पातं गरम पाण्यात बुडवलं, मऊ फडक्यानं पुसलं. 

नावाचा ठिपका न् ठिपका जागेवर! ओरखडा एक नाही. विहीणबाईंनी सुरी उन्हात धरून दोन्हीकडून तपासली. खोट सापडेना, तेव्हा त्यात बघून स्वतःचे केस सारखे केले. सुभद्रानं टमाटर घेतलं. चकत्या अशा पातळ निघाल्या, की पोरीनं ओल्या हातांनीच मला मिठी मारली.

"सोड वं, लुगडं ओलं करून राहिली!"

विहीणबाईंनी घसा साफ केला. "मेन किती लागते म्हनता?"

"डबीभर. पन हात शिकलेला पाहिजे."

"मंग शिकवा."

जेवण राहिलं बाजूला. विहीणबाई पदर खोचून दगडासमोर बसल्या, आमचा जुना चाकू हातात घेऊन. मी दोनदा त्यांच्यावर ओरडले. चूक तशी एकदाच झाली होती. पण विहिणीवर ओरडायची संधी कोण सोडतं!