नवनीतची मूठ

व्हिएन्ना शहर मी एका दिवसात, एकट्याने पाहिलं. 'पाहिलं' हा शब्द जरा जास्तच होतो. आमच्या गावी, शहाद्याला, लोक विचारतात म्हणून मी तो वापरतो.

तसं ठरलं नव्हतं. माझा मुलगा नवनीत तिथे बरीच वर्षं नोकरीला आहे. महिनाभर त्याच्याकडे राहून मी परत निघणार होतो आणि निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने रजा काढली होती. दोघांनी दिवसभर फिरायचं होतं. शहर पाहायची मला फार हौस होती असं नाही, पण मला त्याला एक गोष्ट विचारायची होती. घरात सून असते, टीव्ही चालू असतो, त्याचा फोन वाजत असतो. महिनाभर मी तो प्रश्न तोंडात धरून बसलो होतो. चालता चालता विचारता येईल, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं.

प्रश्न कानबाईच्या रोटाचा होता.

श्रावणात कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते तेव्हा आमचे सगळे भाऊबंद माझ्या थोरल्या चुलतभावाकडे, लोटनदादाकडे जमतात. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या गोड पोळ्यांसाठी, गहू मोजतात तो घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने, सव्वा मूठ. दादा नाव घेतो आणि मूठ टोपलीत टाकतो. जो हजर नाही त्याच्यासाठी त्याच्या घरच्या कुणीतरी 'धर' म्हणायचं. मग त्याच्या वाट्याचा रोटही त्या घरानेच संपवायचा, कारण बाहेरच्याला तो देत नाहीत आणि उरणं चांगलं मानत नाहीत. 'मूठ काढली' हे शब्द मात्र आमच्यात फक्त मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. माझे वडील गेले त्या श्रावणात दादा "काकानी मूठ काढी", काकाची मूठ काढली, एवढंच म्हणाला होता, आणि बायका तोंडाला पदर लावून आत गेल्या होत्या.

नवनीत परदेशी गेल्यापासून त्याच्यासाठी 'धर' म्हणायची ती माझी बायको, संध्या. त्याचा वाटाही तीच खायची, पोट भरलेलं असलं तरी. ती गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात मी कसाबसा 'धर' म्हणालो. पण मला साखरेचा त्रास आहे. रोट उरला. दादाच्या बायकोने, प्रमिलावहिनींनी, तो माझ्या पानातून न बोलता उचलला. त्यांचं न बोलणं मला वर्षभर पुरलं.

"यंदा तू जाईच ऱ्हायना ना तठे," दादा म्हणाला होता, "ते त्याले सरय इचार. बाबा, तू रोट मानस का नही? हा म्हनना ते मी धरसू. उरो का सरो, मी दखसू."

उरलेल्या रोटाचं तो बघणार होता. मला एवढंच हवं होतं. नवनीतने 'हो' म्हणावं. येऊ नये हवं तर, पण 'धरा' म्हणावं.

सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो. नवनीत गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवून बाहेर आला.

"नाना, सॉरी. एकदम मीटिंग आली. टाळता येत नाहीये."

"असू दे की," मी म्हणालो.

"तुम्ही एकटे जाल ना? फोनमध्ये सगळं टाकून ठेवलंय. हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही. लाल ठिपक्यांकडे जात राहायचं. हा पास, दिवसभर कशातही बसा."

"जाईन की."

"नाना, पुस्तकं वाचून इथल्या लोकांपेक्षा जास्त माहिती आहे तुम्हाला," सून म्हणाली. रुचिका स्वभावाने चांगली आहे. तिने मला पोळी-भाजीचा डबा दिला आणि दारापर्यंत आली.

माहिती होती हे खरं. शहाद्याच्या वाचनालयात मी उभं आयुष्य ग्रंथपाल म्हणून काढलं. या शहराचे राजे, लढाया, वेढे मला पाठ होते. पण जमिनीखालच्या गाडीतून वर आलो आणि समोर ते मोठं चर्च उभं राहिलं, तेव्हा वाचलेलं एकही वाक्य मदतीला आलं नाही. छपरावर रंगीत कौलांची नक्षी होती. लोक मान वर करून बघत होते म्हणून मीही मान वर केली. आत जाऊन एका बाकावर बसलो. थंड, अंधारं होतं. मी मनात प्रश्नाची जुळवाजुळव करत होतो. 'नवनीत, तुला आठवतं का' अशी सुरुवात करावी, की 'लोटनदादा विचारत होता' असं दादावर ढकलावं? दुसरं मला जास्त सोपं वाटलं. सोपं मला नेहमीच चटकन सापडतं.

पुढचा लाल ठिपका जुन्या राजवाड्याच्या ग्रंथालयाचा होता. तो नवनीतने मुद्दाम माझ्यासाठी टाकला असणार. असं दालन मी कधी पाहिलं नव्हतं. छतापर्यंत चढत गेलेली कपाटं, चामड्याच्या बांधणीची पुस्तकं, लाकडी शिड्या, मध्ये संगमरवरी राजा आणि माणसाच्या छातीला लागतील असे पृथ्वीचे गोल. लोक छताचे फोटो काढत होते. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती की ही पुस्तकं लावली आहेत कशी? विषयाने, भाषेने, की आकाराने? आमच्या वाचनालयात पत्र्याची कपाटं होती आणि पावसाळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवावा लागे. तरी कुठलं पुस्तक कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगू शकत होतो.

दाराशी एक पहारेकरीण बसली होती. मी इंग्रजी वाक्य तयार केलं. दोनदा तपासलं. तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. वाक्य तोंडात होतं, पण बाहेर पडेना. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली आणि हळूच विचारलं, "टॉयलेट?"

मी "यस" म्हणालो.

तिने हाताने रस्ता दाखवला. मग जाणं भाग होतं. तिला वाईट वाटू नये म्हणून मी जाऊन आलो, आणि परत आत न जाता बाहेर पडलो.

दुपारी नदीकाठी डबा खावा असं ठरवलं होतं. या शहराच्या मधून डॅन्यूब वाहते अशी माझी समजूत होती. ठिपक्यामागे चालत काठाशी पोहोचलो तर दोन सिमेंटच्या भिंतींमधून हिरवट पाणी चाललं होतं आणि भिंतींवर रंगाने काहीबाही लिहिलेलं. पाटी वाचली. तो नदीचा कालवा होता. खरी नदी दूर, जुन्या गावाच्या बाहेरून जाते. ही चूक मी कितीतरी वाचकांना आत्मविश्वासाने सांगितली असेल.

तिथेच डबा उघडला आणि फोन वाजला. पडद्यावर लोटनदादाचं अर्धं कपाळ आणि मागे त्याच्या ओट्यावरचा पंखा.

"काय रे उमाकांत, कथा शे? मड्डमा दखी ऱ्हायना का?"

"नदीवर बसनू, दादा."

"एकलाच? पोऱ्या कथा शे?"

"त्याले काम निंघनं."

 दादाचा आवाज बारीक झाला. "इचारं का?"

"आज संध्याकाये इचारसू."

"महिना व्हयना, भाऊ! बोलानं का बाळंत व्हवानं शे तुले? पुस्तकं वाची वाची डोयाबी गयात आनि तोंडबी गयं." मागून वहिनींचा आवाज आला, "त्येसले खाऊ द्या ना हो." दादा म्हणाला, "खाय, खाय. पन इचार. ऐतवारले गहू मोजना शेतस."

फोन बंद झाला. भूक उरली नव्हती, तरी मी पोळी-भाजी संपवली, कारण डबा तसाच परत नेला असता तर रुचिकाला वाटलं असतं भाजी बिघडली.

नंतर मी ट्राममध्ये बसलो. बाहेरून ऑपेरा गेला, संसद गेली, बागा गेल्या. सगळं ओळखीचं होतं आणि मला काहीच ओळखत नव्हतं. उरलेल्या लाल ठिपक्यांकडे मी गेलो नाही. शेवटच्या थांब्यावर चालकाने येऊन उतरायला सांगितलं. मी उतरलो आणि परतीच्या ट्राममध्ये चढलो. बाकी दुपार त्यातच गेली. प्रश्न मात्र चांगला तयार झाला.

नवनीत संध्याकाळी उशिरा आला. जेवायला बसलो. "मग, काय काय पाहिलं?" रुचिकाने विचारलं. मी म्हणालो, चर्च, ग्रंथालय, ट्राम. नवनीत खूश झाला. "ग्रंथालय कसं होतं?"

"फार मोठं," मी म्हणालो, आणि त्याच दमात बोलून टाकलं, "लोटनदादा विचारत होता, यंदा रोटाचं काय करायचं? तुझ्या नावाचं."

"रोट? ते कानबाईचं?" नवनीत हसला. "अजून करतात सगळे?"

"हो."

"नाना, मला काही जमणार नाही हो यायला. यंदाही नाही, पुढेही कठीणच आहे." त्याने पाण्याचा घोट घेतला. "आणि माझ्या वाट्याचं तुम्हालाच खावं लागतं ना? आई खायची. तिलाही शुगर होती शेवटी. तुम्ही कशाला त्रास करून घेता?" त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. आवाजात माया होती, ती मी आजही नाकारत नाही. "सरळ माझी मूठ काढून टाका ना. मला काही वाटणार नाही."

माझा घास हातातच राहिला.

त्याला ठाऊक नव्हतं. शाळेसाठी तो लहानपणीच नाशिकला गेला, सुट्टीपुरता यायचा. गहू मोजतात तिथे पोरं कुठे बसतात? त्याने नुसती मराठी वाक्यरचना केली होती, आणि ती शुद्ध होती. त्याच वेळी सांगायला हवं होतं, असं बोलू नये बाबा, आमच्यात त्याचा अर्थ असा होतो. शब्दांचे अर्थ सांगण्यातच माझा जन्म गेला. पण सांगितलं असतं तर तो घाबरला असता, किंवा हसला असता. यातलं काय झालेलं मला सोसलं असतं ते मला ठरवता येईना.

"बरं," मी म्हणालो.

"भाजी घ्या ना, नाना," रुचिका म्हणाली.

गावी परतल्यावर त्या रविवारी मी दादाच्या ओट्यावर होतो. ऊसतोड नाही, कापसाला पाणी चालू नाही, त्यामुळे झाडून सगळे आले होते. मधोमध गव्हाचं पोतं आणि टोपली. दादा मांडी घालून बसला. एकेक नाव घेत गेला, एकेक मूठ पडत गेली. त्याचं स्वतःचं, त्याच्या मुलाचं, पुतण्या सुकलालचं, माझं.

"नवनीत," दादा म्हणाला. मूठ भरली आणि टोपलीवर धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

'धर' म्हणायचं तर त्याने नको म्हटलं होतं. त्याने म्हटलं ते सांगायचं तर माझ्या जिवंत मुलाबद्दल मला ते शब्द माझ्या तोंडाने, या ओट्यावर उच्चारावे लागले असते. तिसरं काहीतरी असणार. शहाण्या माणसाला सुचलं असतं.

"बोल ना, भाऊ," दादा म्हणाला. "इचारं ना तू?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

"काय म्हनना मग?"

आतलं पातेल्यांचं वाजणं थांबलं. प्रमिलावहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दादाने बराच वेळ हात तसाच धरला.  मग त्याने मूठ टोपलीऐवजी परत पोत्यात सोडली आणि पुढचं नाव घेतलं.

टोपली आत गेल्यावरही कुणी उठेना. शेवटी सुकलालने घसा खाकरला.

"काका, तठे रातना नऊ वाजापावत ऊन ऱ्हास म्हने, खरं शे का?"

"खरं शे," मी म्हणालो, आणि त्याला अक्षांश म्हणजे काय, पृथ्वीचा आस कलता का असतो, ते समजावून सांगू लागलो. लोक ऐकत होते. मी बराच वेळ बोलत होतो.