लाल चर्चचा थांबा

मित्रांनो, फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात उतारू वाहणारी मी एक जुनी जीपनी आहे. लष्करी गाडीच्या सांगाड्याला पत्रा ठोकून मला लांब केलं, समोरासमोर दोन बाकं बसवली. मागे दार नाही, नुसती चौकट. नवी होते तेव्हा माझ्या रंगांचं कौतुक व्हायचं. आता गंजाकडे कुणी बघतही नाही.

माझ्या बाकांवर अठरा माणसं बसतात. माझे चालक क्रिसान्तो यांच्या डोक्यात मात्र एका वेळी चार-पाच गोष्टीच मावतात. सगळ्यांचंच असं असतं. नुकतीच ऐकलेली गोष्ट घोकत राहिलं तर टिकते. घोकणं थांबलं की निसटते.

एका संध्याकाळी एका आईने पाच वर्षांच्या नेनिताला माझ्यात बसवलं. क्रिसान्तोंना सगळे मानोंग, म्हणजे थोरले दादा म्हणतात.

"मानोंग, हिला लाल चर्चपाशी उतरवा हं. मावशी उभी असेल." मग ती लेकीला म्हणाली, "मानोंग सांगतील तेव्हाच उतरायचं."

"लाल चर्च, मुलगी... लाल चर्च, मुलगी," क्रिसान्तो पुटपुटू लागले.

तेवढ्यात मासळीवाली ओरडली, "मानोंग, पूल बंद आहे म्हणे! आता कुठून नेताय, समुद्रातून?"

"नेतो की! तुझे मासेही जरा पोहतील!"

सगळे हसले. क्रिसान्तो मनात नवा रस्ता जुळवू लागले: शाळेवरून डावीकडे, बाजारामागून... त्यांचे ओठ थांबले होते. मी घाबरले.

लाल चर्च आलं. पायरीवरून मावशीने हात केला. आम्ही तसेच पुढे गेलो. मला ओरडायचं होतं, पण मला कुठला आवाज?

बंदराच्या शेवटच्या थांब्यावर अंधारून आलं होतं. उतारू पांगले. क्रिसान्तो इंजिन बंद करून कॉफी प्यायला निघाले. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात नेनिता बसून होती. एक अनोळखी माणूस माझ्या चौकटीत वाकला.

"एकटीच? चल, मी सोडतो."

ती मागे सरकली आणि मोठ्याने म्हणाली, "मानोंग सांगतील तेव्हाच उतरायचं!"

क्रिसान्तो गर्रकन वळले. ते धावत येताना पाहून तो माणूस निघून गेला.

"मानोंग, आता उतरू?" तिने विचारलं.

त्यांनी तिला उचलून पुढे आपल्या शेजारी बसवलं आणि मला लाल चर्चकडे वळवलं. परतीच्या वाटेवर मावशी अनवाणी धावत येताना दिसली.

तेव्हापासून एकटं मूल आलं की क्रिसान्तो त्याला पुढे, आपल्या शेजारी बसवतात. मित्रांनो, ज्याला जपायचं त्याला डोळ्यांसमोर ठेवा. नुसत्या डोक्यावर विसंबू नका. आणि कुणी स्वतःशी पुटपुटताना दिसलं, तर क्षणभर त्याच्याशी बोलू नका. कुणाचं तरी घरी पोचणं त्यावर अवलंबून असेल.