अठराशे दहा किलोचं बाळ

चाळीस बाळं हवी होती आणि माझ्याकडे एकोणतीसच होती. संशोधन समितीची बैठक चार वाजता होती आणि आता अडीच वाजले होते.

आजार दुर्मिळ. बाळाला दुधातली चरबी पचत नाही, वजन वाढत नाही. त्यासाठी दोन प्रकारचं खास दूध मिळतं, पण कोणत्या दुधाने जास्त गुण येतो हे कुणालाच ठाऊक नाही, कारण एकेका रुग्णालयात असं बाळ दोन-तीन वर्षांतून एखादंच येतं. म्हणून मी बारा रुग्णालयांच्या सामाईक नोंदजाळ्याला प्रश्न विचारला होता. त्यात रुग्णांची नावं जिथल्या तिथेच राहतात. आपण प्रश्न पाठवायचा, मोजणी तिकडेच होते, आपल्या हाती फक्त आकडे येतात.

"चाळीसच्या खाली दोन दुधांची तुलना लंगडी पडते," आमच्या अभ्यासाच्या प्रमुख, डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "समिती दारातूनच परत पाठवेल. मग सहा महिने थांबा."

अकरा ठिकाणांहून दोन, तीन, चार असे आकडे आले होते. बाराव्याचं उत्तर शून्य. आणि नवजात बाळांचा सगळ्यात मोठा विभाग तिथेच होता. तिथली मुख्य परिचारिका म्हणजे माझी आत्या. वजनाच्या नोंदींतच काही घोळ असावा असं वाटून मी फोन लावला.

"जेवलीस का?"

"जेवेन नंतर. आत्या, बाळांबद्दल काही सांगू नकोस, ते मला चालणार नाही. एवढंच सांग, तुम्ही वजन कसं लिहिता?"

"कसं म्हणजे? ग्रॅममध्ये."

"रकान्यावर तर किलो लिहिलंय."

"लिहिलं असेल. माझ्या विभागात किलो चालत नाही. ती काय बटाट्याची पोती आहेत? अगं, अठराशे दहाचं बाळ दुसऱ्या दिवशी अठराशे तीस झालं की त्याची आई दिवसभर हसत असते. तुझ्या किलोत आज एक पॉइंट आठ आणि उद्याही एक पॉइंट आठच."

शेजारच्या टेबलावर आमचे दादा बसतात. चुकीच्या नोंदी वगळणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना गाळणी म्हणतात, तोंडावरही.

"दादा, वीस किलोच्या वरच्या तान्ह्या बाळांचं काय करता?"

"बाहेर काढतो. टायपिंगची चूक." त्यांनी वगळलेल्यांची बिननावाची यादी उघडली. "हे बघ, अठराशे दहा किलो. याला पाळण्यात क्रेनने ठेवावं लागेल."

"ते ग्रॅम आहेत."

दादांनी यादी खालपर्यंत सरकवली. "म्हणजे मी अख्खा वॉर्ड हाकलून दिला," ते हळूच म्हणाले.

मॅडमना अंदाज मंजूर नव्हता. म्हणून आम्ही त्या विभागाच्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासायला लावल्या. सगळी वजनं नऊशे ते पाच हजारांच्या मधली, किलोतली एकही नाही. मग दादांनी नियम बदलला आणि मी प्रश्न पुन्हा पाठवला. पावणेचारला उत्तर आलं: तेरा.

"बेचाळीस," मॅडम म्हणाल्या आणि खुर्चीत मागे रेलून हसायलाच लागल्या. "आणि रोजची वाढ नीट दिसते ती या तेरांचीच. तुझ्या आत्याला दटावणार कोण?"

चार वीसला समितीने मंजुरी दिली. यापुढे बाराही रुग्णालयांनी तान्ह्यांचं वजन ग्रॅममध्ये लिहावं, अशी शिफारसही केली. मी जिन्यातूनच आत्याला कळवलं.

"तुमच्याकडची तेरा आहेत, आत्या. कोणती, ते मला माहीत नाही आणि कळणारही नाही."

"मला माहीत आहेत."

ती मोजू लागली. एकही नाव तिने ओठांबाहेर येऊ दिलं नाही. नुसतं एक, दोन, तीन, आणि मधूनच हसणं. सातपाशी ती जरा जास्तच वेळ थांबली.

"तेरा, बरोबर," ती म्हणाली. "त्यातली एक गेल्याच आठवड्यात भेटायला…"

"आत्या, नको."

"बरं बाई, नाही सांगत. पण उंचीने आता माझ्या खांद्याला लागते."