महागातलं हेल्मेट

"महागातलं आण. पैशाकडं बघू नगंस," बनुबाई फोनवर म्हणाली. मग जरा थांबली आणि म्हणाली, "तुज्या डोक्यात हुतं तसलं."

संयोगिता एवढंच म्हणाली, "बरं आत्या."

सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. नवऱ्याला, शिवतेजला जाऊन वर्ष उलटलं होतं. ती आता माहेरी, सांगलीत विश्रामबागेला आईकडे राहून नोकरी करत होती, तरी सुट्टीच्या दिवशी एसटीनं साताऱ्याजवळच्या त्या गावी जायची. घरात शिरली की भांडी घासायची, आत्यांच्या पायाला तेल लावायची. आत्या पाय पुढं करायच्या, पण तिच्याकडे बघायच्या नाहीत.

त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. त्या संध्याकाळी शिवतेज आणि ती सांगलीहून मोटारसायकलवर गावाकडे निघाले होते. शिवतेजचं हेल्मेट चांगलं होतं, सगळं तोंड झाकणारं, विश्रामबागेतल्या दुकानातून पारखून घेतलेलं. संयोगिताचं रस्त्याकडेला ताडपत्रीवर मांडतात त्यातलं. वाटेत पेट्रोल भरायला थांबले तेव्हा शिवतेजनं आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यात घातलं आणि तिचं स्वतः घातलं. कराड मागं पडल्यावर, ऊस भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागं ना दिवा, ना लाल कापड. संयोगिता बाजूच्या उसात फेकली गेली, तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. शिवतेज दवाखान्यात पोचेपर्यंत राहिला नाही.

दवाखान्याच्या दारात बनुबाईनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, "त्येचं हेल्मेट हिच्या डोक्यात कसं?" तेव्हापासून तो प्रश्न बनुबाईच्या बोलण्यात तसाच होता.

आता धाकट्या दिराला, वीरधवलला साताऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं होतं. रोज मोटारसायकलनं जावं लागणार. बनुबाईचं एकच म्हणणं होतं. हेल्मेट शिवतेजनं घेतलं त्याच दुकानातून यायला पाहिजे, आणि ते संयोगितानंच घेऊन दिलं पाहिजे.

वीरधवल सकाळच्या गाडीनं सांगलीला आला. स्टँडवर वहिनी दिसल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला. भावासारखीच रुंद पाठ, तसंच मान तिरकी करून हसणं. संयोगितानं नजर रिक्षाकडे वळवली.

दुकान ज्योतिबा नावाच्या पन्नाशीतल्या माणसाचं होतं. शिवतेजबरोबर आलेली संयोगिता त्याला आठवत नव्हती, आणि तिनंही ओळख काढली नाही. वीरधवलनं आत शिरल्या शिरल्या वरच्या फळीवरचं एक काळं-लाल हेल्मेट उचललं. त्यावर वाघाच्या पंजासारखे ओरखडे रंगवले होते.

"हे लय भारी हाय वैनी."

"हे आमच्यातलं सगळ्यात महाग," ज्योतिबा म्हणाला. "घाला की. बक्कल लावा. आता मान हलवा जोरात."

वीरधवलनं मान हलवली. डोकं वळलं आणि हेल्मेट जरा मागं राहिलं. ज्योतिबानं मागून ते वर उचलून बघितलं, तर पट्टा लावलेला असूनही ते कपाळावर पुढं सरकलं.

"ढिलं हाय. यातलं तुमच्या मापाचं आज न्हाई माझ्याकडं. असलं ढिलं घेऊन महागाचा काय उपयोग?" त्यानं मधल्या फळीवरचं एक साधं राखाडी हेल्मेट काढलं. "हे घाला."

ते घालताना वीरधवलचे कान दुमडले, गाल दाबले गेले. हलवलं तर डोक्याबरोबरच वळलं.

"टाइट लागतंय वो."

"लागंल थोडे दिवस. आतला फोम बसला की बरोबर हुतंय. पण कपाळाला कुठं टोचत न्हाई ना? मग बरोबर हाय."

संयोगितानं विचारलं, "आणि किमतीत एवढा फरक आहे, तो कशाचा?"

तिचा आवाज तिलाच परका वाटला. ज्योतिबाला तो प्रश्न रोजचा असावा. त्यानं दोन्ही हेल्मेटं टेबलावर शेजारी ठेवली. "खरं सांगू का ताई? रस्त्यावरचं, शिक्का खोटा असलेलं घ्यायचंच न्हाई. ते नुसतं प्लास्टिक. पण एकदा चांगलं, तपासलेलं, मापाचं घेतलं, की डोक्याच्या बाबतीत एवढा मोठा फरक न्हाई. वर जे पैसे जातात ते वजन कमी, वारा आत खेळतो, रंग, नाव यांचे."

वीरधवल हळूच म्हणाला, "मग दादाच्या डोक्यात यातलं कुठलंबी असतं तर..."

"भाऊजी," संयोगिता म्हणाली, "त्यांच्या डोक्याला काही झालं नव्हतं."

वीरधवल तिच्याकडे वळला.

"हँडल छातीत बसलं होतं. आत रक्त साचलं. डॉक्टरांनी मला सांगितलं, मामांनाही सांगितलं. ते रस्त्यावरचं हेल्मेट काढलं तेव्हा डोक्यावर ओरखडाही नव्हता."

"आणि आयला सांगितलं न्हाई?"

"मामा सांगायला गेले होते. पण आत्यांनी आधीच सगळ्यांना सांगितलं होतं डोक्याचं. मामांच्या तोंडून निघेना. मग मीच म्हटलं, राहू दे."

"वर्षभर ती तुला बोलती, आणि तू..." दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ज्योतिबा हेल्मेट पुसत होता. काहीतरी बोलावं म्हणून असेल, तो हळू आवाजात म्हणाला, "चांगल्या हेल्मेटात एक मात्र असतंय ताई. काच. ओरखडे लवकर पडत न्हाईत. तिन्हीसांजेला समोरनं गाडी आली तर स्वस्तातल्या काचेत नुसता पांढरा उजेड पसरतो, पुढचं दिसत न्हाई. मग लोक काच वर करून चालवतात आणि डोळ्यात चिलटं जातात."

संयोगितानं टेबलाची कड धरली.

तिच्या हेल्मेटची काच तशीच होती, ओरखड्यांनी पांढरी पडलेली. त्या दिवशी ती मागं बसून काच वर करत होती आणि डोळे चोळत होती. म्हणूनच शिवतेज पंपावर म्हणाला होता, "आण हिकडं ते. मला सवय हाय, मी काच वर करून चालवतो." तिच्या हनुवटीखाली पट्टा त्यानंच लावला होता. बक्कल नीट बसलं का ते बोट घालून बघितलं होतं.

वर्षभर तिनं एकच गोष्ट जवळ धरून ठेवली होती, की हेल्मेटाचा काही संबंध नाही. आत्या बोलायच्या तेव्हा ती मनात तेच म्हणायची. ट्रॉलीवर आदळण्याआधी शिवतेजची मान एकदम बाजूला झाली होती, हे तिला आठवत होतं. ती का झाली, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ज्योतिबानं स्टूल पुढं सरकवलं. वीरधवलनं पाणी आणून दिलं. ते राखाडी हेल्मेट घेऊन दोघं बाहेर पडले आणि साताऱ्याच्या गाडीत बसले. वाटेत वीरधवल फुगलेल्या तोंडानं बसला होता. तो आईवर रागावलाय हे तिला कळत होतं. "घरी काही बोलू नका," असं ती दोनदा म्हणाली. त्यानं खिडकीबाहेर बघितलं.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. आकाराम, तिचे सासरे, ओट्यावर बसले होते. फौजेतून निवृत्त झालेला हा माणूस अजूनही ताठ बसायचा. बनुबाई आतून आली, हात पदराला पुसले आणि हेल्मेट उचलून बघितलं. उलटंपालटं केलं.

"केवढ्याचं?"

वीरधवलनं सांगितलं.

"यापरास महागाचं नव्हतं?"

"होतं आत्या, पण भाऊजींना ढिलं होत होतं," संयोगिता म्हणाली.

"ढिलं?" बनुबाईचा आवाज चढला. "मी सांगितलेलं की पैशाकडं बघू नगंस. माजा एक गेला. ह्येच्या डोक्यालाबी हलकंच आणलंस व्हय गं? चांगलं ते सगळं तुलाच पायजे..."

"आय!" वीरधवल ओरडला. "दादाच्या डोक्याला लागलंच नव्हतं!"

बनुबाई थांबली.

"छातीला लागलेलं. हेल्मेट कसलंबी असतं तरी दादा गेलाच असता. इचार आबाला. आबाला ठावं हाय."

बनुबाईनं नवऱ्याकडे बघितलं. आकाराम उठून उभे राहिले, साहेबापुढं उभं राहावं तसे.

"व्हय," ते म्हणाले. "मला सांगता आलं न्हाई बनू."

बनुबाई ओट्याच्या पायरीवर बसली. हेल्मेट मांडीवर तसंच होतं. वीरधवलला वाटलं असेल, आता आई वहिनीला जवळ घेईल, आता सगळं मिटेल. पण बनुबाईनं विचारलं, "मग कशानं गेला माजा लेक? त्याला ती एवढी थोरली ट्रॉली दिसली कशी न्हाई?"

संयोगिताला गप्प राहता आलं असतं. ती सासूसमोर जमिनीवर बसली.

"माझ्या हेल्मेटची काच खराब होती आत्या. त्यांनी ती वर केली होती. चिलटं लय होती तेव्हा. डोळ्यात काही गेलं असेल... नसेलही. ट्रॉलीला दिवा नव्हता. मला खरंच माहीत नाही."

"मंजी ते हेल्मेट तुला दिलं नसतं तर..."

"माहीत नाही आत्या. आज दुकानात कळल्यापासून मी पण तेच म्हणतेय."

बनुबाईनं तिच्याकडे बघितलं, वर्षभरात पहिल्यांदा नीट, चेहऱ्याकडे.

"काय म्हणाला त्यो? तुला घालताना?"

"म्हणाले, मला सवय आहे. पट्टा त्यांनीच लावला. मग बोट घालून बघितलं, घट्ट बसलाय का."

बनुबाईनं हात पुढं केला आणि संयोगिताच्या हनुवटीखाली बोटं ठेवली. तिथंच, जिथं पट्टा येतो. आणि मग तिच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारची बाई कुंपणापाशी धावत आली. लेकाच्या मातीलाही ती अशी रडली नव्हती. संयोगिताचं डोकं तिनं छातीशी धरलं आणि दोघी पायरीवर हलत राहिल्या. आकाराम भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बऱ्याच वेळानं बनुबाई शांत झाली. तिनं पदरानं आधी सुनेचं तोंड पुसलं, मग आपलं.

"पोरी," ती म्हणाली, "तू आता हितं येत जाऊ नगंस."

"आत्या..."

"राग न्हाई गं माजा. देवाशपथ न्हाई. राग हुता तवर तुला बघवत हुतं. आता तुला बघितलं की त्येचा हात दिसंल मला. न्हाई सोसायचं. तुजं वय हाय, तुज्या आयला म्हणावं बघ कुठंतरी स्थळ. मीच म्हणती म्हणून सांग."

संयोगितानं मान हलवली, पण ती नाही म्हणत होती की हो, हे तिचं तिलाही कळलं नाही. बनुबाईनं तिला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. भाकरी, कालवण, वर साजूक तूप. पुढ्यात बसून वाढलं, घास अडकला तेव्हा पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती असंच वाढायची.

आकाराम तिला साताऱ्याच्या स्टँडवर सोडायला आले. सांगलीची गाडी लागलेली होती. खिडकीजवळ जागा मिळाली. ते खाली उभे राहून वर बघत होते.

"मामा, सणासुदीला तरी?"

आकारामांनी खिडकीच्या दांडीवर ठेवलेल्या तिच्या हातावर हात ठेवला. "तिला वाटलं तर ती सांगंल. न्हाई सांगितलं तर वाट बघू नगं."

गाडी सुरू झाली तसा त्यांनी हात काढून घेतला. स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत ते तिला दिसत होते. ताठ, दोन्ही हात बाजूला. मग मध्ये दुसरी गाडी आली.