तळ्याच्या काठचा सातवा दगड

शहरातली ही बाग दोनशे वर्षांची. मधोमध गोल तळं आणि त्याला चौऱ्याऐंशी दगडांचा काठ. सांध्यात नखही शिरत नाही. मी जन्मभर दगड घडवले, तरी या काठापाशी आलो की अजून हात आपोआप सांध्यांवर जातो.

गेल्या महिन्यात त्यातला एक फुटका दगड काढून माझ्या लेकीनं नवा बसवला. आमच्या घरची रीत अशी, की जुन्या कामातला नवा दगड घरातल्या जाणत्यानं शोधायचा. त्याला सापडला, तर घडवणाऱ्यानं त्यावर आपली खूण कोरायची नाही. लेकीचे आजवरचे सहाही दगड मी शोधून काढले होते. हा सातवा.

म्हणून सुट्टीच्या दुपारी आम्ही तिघं बागेत आलो: लेक, आठ वर्षांची नात आणि मी. लेकीच्या पिशवीत फळांखाली छिन्नी-हातोडी होती.

"आजोबा, मी शोधू?"

"शोध की. पण नुसत्या डोळ्यांनी नको, रंग फसवतो. तळहात ठेव. छिन्नी कशी चालली ते हाताला कळतं."

नात हात फिरवत निघाली. "हा केवढा गुळगुळीत आहे."

"तिथं सावली असते. दोनशे वर्षं लोक बसलेत. माणसंही दगड घडवतात बाळा, फक्त सावकाश."

मीही दगड चाचपत एक फेरी मारली. गुडघे कुरकुरायला लागले, तसा काठावर जरा टेकलो, पाणी प्यायलो आणि पुन्हा उठलो. लेक झाडाखाली संत्रं सोलत होती. एकच संत्रं, कितीतरी वेळ. नजर माझ्या हातांवर.

पलीकडच्या अंगाला माझा हात थांबला. घाव तिरके, उरकल्यासारखे.

"सापडला," मी म्हणालो. "शेवटी शेवटी घाई केलीस. किती वेळा सांगितलंय, मन दुसरीकडे असलं की छिन्नी खाली ठेवावी."

लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, पाण्याच्या बाजूनं हात घाला."

घातला. बोटांना खूण लागली. माझीच. तेव्हा कुठे सगळं आठवलं.

"काम चालू असताना निरोप आला होता, मुलगी झाली म्हणून," मी पुटपुटलो. "तसाच बसवून पळालो."

"म्हणजे खापर परत माझ्यावरच," लेक हसली. "पण तेव्हा माझ्या आजोबांना कसा सापडला नाही?"

"सापडला असणार. नात झाली, म्हणून गप्प बसले."

मी आणखी एक फेरी मारली. एकेक दगड चाचपला. सगळे सारखेच जुने, सारखेच देखणे. शेवटी दमून बसलो.

"हरलो बाई. कुठला ते तरी सांग."

लेकीनं पिशवीतून छिन्नी काढली. "सांगते. आधी तुम्ही उठा."

नात खो खो हसत सुटली. दुपारपासून मी दुसऱ्यांदा लेकीच्याच दगडावर बसलो होतो.

उठलो. तळहात टेकवला, डोळे मिटले. काही म्हणजे काही कळलं नाही. मग हातोडी मीच लेकीच्या हातात दिली.